दोन रिकामे ड्रम

यार्डात सेहेचाळीस ड्रम होते आणि माझ्या रजिस्टरमध्ये अठ्ठेचाळीस. एकदा उजवीकडून मोजले, एकदा डावीकडून, मग प्रत्येक ड्रमवर खडूची रेघ मारत मोजले. सेहेचाळीसच. सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि ड्रम न्यायला गाडी दुपारी दोनला यायची होती.

हे ड्रम काय होते ते आधी सांगते. वाशिमच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत मी नोकरी करते तो छोटा कारखाना आहे. पिकांवर फवारायचं औषध आम्ही तिथे पातळ करून बाटल्यांत भरतो. मूळ औषध फार जहाल. ते दोनशे लिटरच्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधून येतं. पंपानं ते टाकीत ओढून घेतलं की ड्रम उरतो, पण त्याच्या तळाला आणि अंगाला चिकटलेलं औषध काही पंपात येत नाही. म्हणून कायद्यानं तो ड्रम म्हणजे घातक कचरा. तो भंगारवाल्याला द्यायचा नाही, कोणाला वापरायला द्यायचा नाही, नव्वद दिवसांवर ठेवायचा नाही. परवाना असलेल्या गाडीतूनच तो जाणार, परवाना असलेल्या ठिकाणीच उतरणार, आणि बरोबर सात रंगांच्या सात प्रतींचा कागद असणार. पांढरी प्रत प्रदूषण मंडळाला, पिवळी आमच्याकडे, बाकीच्या गाडीबरोबर पुढे. स्टोअर आणि हे सगळे कागद अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. या अकरा वर्षांत मोजणी कधी चुकली नव्हती.

यार्डाची एक किल्ली माझ्याकडे असते, दुसरी हमालाकडे. हमाल दोन दिवस रजेवर होता. बहिणीनं नवं घर बांधलं होतं, त्याची वास्तू होती.

मी गेटवर गेले. वॉचमनकाका खुर्चीत बसून दात कोरत होते.

"काका, या दोन दिवसांत गेटबाहेर काय काय गेलं?"

"रजिस्टर तुमच्या समोर हाय ना मॅडम. वाचा की."

वाचलं. परवाच्या पानावर शेवटच्या ओळीत काकांच्याच अक्षरात होतं: रिकामे ड्रम, दोन. पुढे हमालाची सही.

"हे कोणी सोडले?"

"म्याच. बहिणीच्या वास्तूले पानी भराले पाह्यजे होते त्याले. दोन रोजानं आनून देतो म्हने. म्या काही आंधयेपनानं नाही सोडले, झाकन उघडून पाह्यलं. थेंब नव्हता आत."

"काका, ते घातक कचऱ्याचे ड्रम आहेत."

"रिकामे होते मॅडम. तुमीच त लिवलं हाय त्याच्यावर. मले वाचता येते."

त्यांचं खरं होतं. कायद्याप्रमाणे ड्रमवर पिवळं लेबल लावायचं असतं आणि ते आम्ही लावत होतो. पण उन्हाळ्यात त्याचा गोंद सुटतो, लेबलं गळतात, आणि पंपावरची माणसं भरलेला ड्रम कोणता आणि संपलेला कोणता हे बघायला ड्रमवर बुक्क्या मारत बसायची. एकदा संपलेल्या ड्रमला पंप लावला गेला आणि मोटर जळाली. तेव्हा मीच पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि संपलेल्या प्रत्येक ड्रमवर वीतभर अक्षरात ‘रिकामा’ असं लिहून घेतलं. काम एका शब्दात झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. कागदावर त्या वस्तूचं नाव पाऊण ओळीचं आहे, घातक रसायनांनी दूषित झालेली पात्रं असं काहीतरी. ते ब्रशनं लिहीत कोण बसणार? आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि निळा ड्रम घरोघरी अंगणात असतो. इथे रिकामा म्हणजे भरायला तयार. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या अंगणातही दोन आहेत.

हमालाचा फोन चार वेळा वाजून बंद झाला. पाचव्यांदा त्यानं उचलला. मागे लाउडस्पीकरवर मंत्र ऐकू येत होते.

"ताई! निंगाल्या का? रोडगे लावून राह्यलो, दुपारलोक या बरं."

"तू ड्रम नेलेस?"

"हो जी, दोन. उद्याच आनून देतो. तुमाले सांगाचं राह्यलं."

"त्यात पाणी भरलं?"

"भरलं ना. टँकर आल्ता आठ वाजता. तोंडं कापले, अन् बहिणीनं निरमा टाकून असे घासले, असे घासले, चकाचक!"

"कोणी प्यायलं का ते पाणी?"

"प्याले जार आनले ना आमी. हे सैपाकाले."

"ऐक. त्या पाण्याला आता कोणी हात लावायचा नाही. चुलीवर जे असेल ते थांबव. आणि पाणी ओतूनही द्यायचं नाही, नालीत नाही, कुठंच नाही. तिथंच उभा राहा."

"काहून ताई? रिकामे होते ना."

"त्यात विष आहे," मी म्हटलं, पण तोवर रेंज गेली होती. त्यानं किती ऐकलं ते कळेना.

माझ्या गाडीत मी रबरी हातमोज्यांच्या चार जोड्या टाकल्या, ताडपत्री, दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, साबणाच्या वड्या, आणि त्या औषधाचा माहितीचा कागद. त्यावर डॉक्टरांसाठी वेगळी चौकट असते. पंपावरच्या ऑपरेटरला गेटवर बसवलं आणि काकांना गाडीत घेतलं, कारण हमालाच्या बहिणीचं गाव त्यांना माहीत होतं. अनसिंग रोडनं जायचं आणि मध्येच डावीकडे वळायचं. नऊ चाळीसला आम्ही निघालो.

वसाहत मागे पडल्यावर काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मॅडम, माही नोकरी जाईन का?"

"आधी पोहोचू."

"झाकन उघडलं तवा वास त येत होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वास कायले नाही येत? आपल्या सबंद कारखान्यालेच वास येते. मले त आता घरच्या भाजीचाही वास येत नाही."

मलाही येत नाही. माझा मुलगा म्हणतो, आई घरात आली की फवारलेल्या कपाशीत उभं असल्यासारखं वाटतं.

गावाच्या टोकाला गुलाबी रंगाचं नवं घर होतं. दाराला तोरण, पुढे मांडव, मांडवाच्या मागे दोन मोठ्या चुली आणि कणकेचे रोडगे भाजायला पेटवलेल्या गोवऱ्यांचा आर. लिंबाच्या झाडाखाली दोन्ही ड्रम उभे होते. वरची तोंडं करवतीनं कापलेली, आत काठोकाठ पाणी. निळं प्लास्टिक इतकं घासलं होतं की माझी पांढरी अक्षरं यार्डात दिसायची त्याहून ठळक दिसत होती. ड्रमांच्या मधोमध हमाल हात पसरून उभा होता. नवा शर्ट, कपाळावर गंध. त्यानं निदान एवढं तरी ऐकलं होतं.

"कोन हाय ह्या?" आचाऱ्यानं झारा खाली न ठेवता विचारलं. "हा भाऊ मघापासून बोंबलून राह्यला, पानी नोका घेऊ, पानी नोका घेऊ. मले वाटलं याच्या आंगात आलं."

"या पाण्यानं काय काय केलं?" मी विचारलं.

"पीठ नाही मयलं. वास मारत होतं बाप्पा. म्हटलं नव्या प्लास्टिकचा असन. पीठ जारच्या पान्यानं मयलं."

"वरण? भात?"

"तेही जारचंच."

"आणि भाजी?"

आचाऱ्यानं चुलीवरच्या पातेल्याकडे बघितलं. वांग्याची भाजी रटरटत होती, वर तेलाचा लाल तवंग आला होता. "वांगे धुतले ह्या पान्यानं," तो हळू म्हणाला. "पातेलंही इसळलं."

"ती उतरवा. कोणाला द्यायची नाही."

"वीस किलो वांगे हायेत मॅडम!"

"तरी उतरवा."

"मंग का गाईले घालू?"

"गाईलाही नाही."

"गाईले नाही, मानसाले नाही, मंग कोनाले? तुमच्या सायबाले?"

दोन-चार माणसं हसली. काका पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच चुलीतली लाकडं ओढली. कोणीतरी म्हणालं, अहो एवढंच असंन तर ओता ना ते पानी नालीत, झालं. मी नाली बघितली. ती सरळ शेजारच्या माळ्याच्या वाडीत जात होती. तिथे कोथिंबिरीचे आणि मेथीचे वाफे होते, कडेला विहीर. मी दोन्ही ड्रमांवर ताडपत्री टाकली, दोरीनं बांधली आणि काकांना बाजूला खुर्ची दिली.

"इथून उठायचं नाही."

"कोनाचा बाप आला तरी नाही उठत."

मग मला जे आधी विचारायला हवं होतं ते मी विचारलं. "ड्रम घासले कोणी?"

"बहिणीनंच," हमाल म्हणाला. "पहाटी सहा वाजता. आतपर्यंत हात पोचत नव्हता म्हनून निम्मी आत उतरली होती. मुंडकं आत घालून घासले तिनं."

"कुठे आहे ती?"

"पूजेवर बसली ना."

आत पुढच्या खोलीत होम चालला होता. धुरानं डोळे चुरचुरत होते. नवरा-बायको पाटावर बसले होते, ती त्याच्या उजव्या हाताला. ती तिशीतली असेल. हिरवी साडी, नाकात नथ. ती पदरानं सारखी तोंड पुसत होती. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, ओठांच्या कडेला लाळ. शेजारी बसलेल्या बायका म्हणत होत्या, धुरानं होते बाई, उपास हाय तिचा, ऊन काय कमी हाय? प्रत्येक गोष्टीचं एकेक कारण तिथे हजर होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. खोलीत अंधारच होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हायला हव्या होत्या. त्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. दरवर्षी आम्हाला प्रशिक्षणात जे चित्र दाखवतात, तेच.

"हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यावं लागेल."

"कोन तुमी?" तिचा नवरा म्हणाला.

"याच्या कारखान्यातली. तिनं जे ड्रम घासले त्यात पिकांवरच्या औषधाचा अर्क होता. तो हिच्या अंगात गेलाय."

गुरुजी म्हणाले, "पूर्णाहुती राहिली आहे. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं नाहीत, गुरुजी."

"दहा मिनिटानं काय होते?" नवरा चिडला. "उपास धरला म्हनून चक्कर येऊन राह्यली तिले. पूजेतून उठवता का मानसाले? तुमच्या घरी असं करता का?"

तीही म्हणाली, "होऊ द्या ना बाई. मी बसतो." तिची जीभ जड झाली होती.

मी हमालाकडे बघितलं. तो दारातच उभा होता. तेवढ्यात गुरुजींनी आहुतीसाठी पळी पुढे केली. नवऱ्यानं ती घेतली, आणि रीतीप्रमाणे तिनं आपला हात त्याच्या हाताला लावला. पळीतलं तूप सांडलं. त्यानं तिच्या हाताकडे बघितलं. दंडावरची कातडी आतून कोणी टोचावं तशी फडफडत होती.

"हा हात कवापासून असा करून राह्यला?" त्यानं विचारलं.

"मघाचपासून," ती म्हणाली, आणि बाजूला वळून ओकली.

नवऱ्यानंच तिला उचललं. पण तशीच गाडीत घालता येत नव्हती. साडीत, केसांत, सगळीकडे ते होतं आणि अंगातून आत जात होतं. नव्या घराच्या नव्या न्हाणीघरात आधी तिलाच नेलं. मी हातमोजे घातले, तिच्या दोन जावांना घालायला लावले. हिरवी साडी उतरवताना ती रडायला लागली, आईनं दिलेली आहे म्हणून. ती पिशवीत घालून मी तोंड बांधलं. एक जाऊ बादली घेऊन लिंबाच्या झाडाकडे निघाली होती. बाहेरून काकांचा आवाज आला, "माघारी फिर बाई, माघारी!" आम्ही प्यायच्या जारचं पाणी वापरलं. केसांपासून पायांपर्यंत तीनदा साबण लावून धुतलं. घड्याळात बघत होते. बारा मिनिटं गेली. ती बारा मिनिटं मला कधी विसरता आली नाहीत, कारण सुरुवातीला बसू शकणारी ती तेवढ्या वेळात आडवी झाली.

मागच्या सीटवर नवरा आणि भाऊ, मध्ये ती. वाशिमपर्यंत मी हॉर्नवरचा हात काढला नाही. आरशातून बघत एकच सांगत होते, तिला कुशीवर धरा, तोंड पुसत राहा, श्वास मोजा. नवरा मोठ्यानं मोजत होता. तो मोजायचा थांबला की मी ओरडायचे.

सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर आलं. नर्सनं विचारलं, "काय झालं?"

"औषध अंगात गेलंय," नवरा म्हणाला.

नर्सचा चेहरा बदलला. आमच्याकडे औषध अंगात गेलं म्हटलं की लोक एकच अर्थ घेतात: जीव द्यायला प्यायली. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "भांडन झालं होतं का घरी?"

"नाही ओ!" तो जवळजवळ किंचाळला. "पूजेवर बसली होती ती!"

"प्यायलेली नाही," मी मध्ये पडले. "ड्रम घासताना अंगावरून गेलं. सकाळी सहा ते साडेसहा. त्रास साडेआठच्या सुमारास सुरू झाला. साबणानं आंघोळ घातली आहे. हे औषधाचं नाव, हा कागद." डॉक्टर तरुण होते. त्यांनी चौकट वाचली, आत गेले आणि दोन मिनिटांत इंजेक्शन सुरू झालं. बारा वाजायला आठ मिनिटं कमी होती.

मग वाट बघणं. मी साहेबांना फोन लावला. ते नागपूरला होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "किती लोकांना कळलंय?"

"गावात सगळ्यांना."

"मंडळाला?"

"अजून नाही."

"मग असं करा. छोटा हत्ती टेम्पो पाठवा, दोन्ही ड्रम उचलून आणा आणि दोनच्या गाडीत चढवून द्या. अठ्ठेचाळीस पूर्ण. कागद बरोबर. बाईच्या उपचाराचं आपण बघूच."

खरं सांगायचं तर गाडी चालवताना हा हिशेब माझ्याही डोक्यात येऊन गेला होता. पण ड्रममध्ये पाणी होतं. काठोकाठ भरलेले ड्रम गाडीत चढत नाहीत, आणि पाणी ओतायला त्या गावात एक फूट जागा अशी नव्हती की जिथून ते कोणाच्या वाफ्यात, विहिरीत किंवा ढोराच्या तोंडात गेलं नसतं. त्यात ती भाजी, ती साडी. हे सगळं आता घातक कचराच होतं आणि ते उचलायला परवान्याची गाडी लागणार होती. त्यासाठी कोणाला तरी सांगावं लागणार होतं.

दोनला गाडीवाल्याचा कारखान्यातून फोन आला. मी त्याला गावात जाऊन येशील का विचारलं.

"मॅडम, माह्या कागदावर कारखान्याचा पत्ता हाय. गावातून माल उचलला अन् रस्त्यात कोनी धरलं त गाडी जमा माही. सेहेचाळीस देता का रिकामा जाऊ?"

"सेहेचाळीस ने." ऑपरेटरला सांगून मी आधी भरलेल्या सातही प्रती रद्द करायला लावल्या आणि नव्या प्रतींवर सेहेचाळीस लिहायला लावलं. त्यानंतर साहेबांचं ऐकायचा प्रश्नच उरला नाही. मी मंडळाच्या कार्यालयात फोन केला.

तिकडच्या अधिकाऱ्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी ओळीनं विचारलं: कोणी प्यायलं का? पाणी आता कुठे आहे? जवळची विहीर किती लांब? दंडाचं किंवा नोटिशीचं ते काही बोलले नाहीत. म्हणाले, ड्रम हलवू नका, माणूस बसवून ठेवा, मी उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. आणि काय झालं ते आजच लेखी पाठवा.

दवाखान्याच्या बाकावर मी अहवाल लिहायला बसले. हमाल शेजारी येऊन बसला. कपाळावरचं गंध घामानं ओघळून भुवईपर्यंत आलं होतं.

"ताई, माहं नाव टाकता का त्याच्यात?"

"टाकावं लागेल."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "ते वाचली त टाका. कितीही टाका. अन् नाही वाचली, त मंग मले नाव ठेवून का करायचं?"

मी कागद त्याच्या पुढे धरला. पहिली ओळ वाच म्हटलं. ड्रमवर चुकीचा मजकूर लिहून घेणाऱ्या व्यक्तीचं नाव तिथे होतं, म्हणजे माझं. त्यानं दोनदा वाचलं. "तुमचं कायले?" म्हणाला. मी कागद परत घेतला आणि पुढची ओळ लिहायला लागले.

आतून ती पाणी मागत होती. त्या इंजेक्शनानं तोंड कोरडं पडतं. नर्स ओला कापूस ओठांवरून फिरवत होती आणि ती भ्रमात म्हणत होती, पाहुन्यायले पानी द्या, पाहुन्यायले पानी द्या. तिचा नवरा दारात उभा राहून ते ऐकत होता आणि दर वेळी म्हणत होता, देल्लं, साऱ्याले देल्लं.

दुसऱ्या दिवशी तिचा श्वास जड झाला. तोंडाला मास्क लावला. डॉक्टरांनी आम्हाला कोपऱ्यात बोलावून सांगितलं की आजची रात्र काढली तर पुढचं सोपं आहे. त्याच दिवशी सकाळी गावात मंडळाची गाडी आली होती. त्यांनी पाणी पंपानं बंद पिंपांत ओढलं. भाजी, साडी, कापलेली झाकणं, हातमोजे, सगळं मोजून नेलं. काका रात्रभर खुर्चीत बसले होते. माळ्याच्या विहिरीतलं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं; काही निघालं नाही. मी तिथे नव्हते. मला हे फोनवर कळत होतं आणि मी ते लिहून घेत होते, कारण लिहिणं थांबवलं की दाराआडचा तो श्वास ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्क काढला. तिनं डोळे उघडून पहिल्यांदा भावाला ओळखलं आणि म्हणाली, "तुह्या कारखान्यात दुसरं काही नव्हतं का रे आनाले?"

तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

कारखान्याला नोटीस आली. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. हमालाला काढायचं म्हणत होते. अहवालातली पहिली ओळ दाखवल्यावर दोघांना काढावं लागेल हे त्यांच्या लक्षात आलं आणि तो विषय मागे पडला. ड्रमवर आता दोन ओळी लिहिलेल्या असतात: यात विष आहे. पाणी भरू नका. ब्रशनं लिहायला वेळ लागतो. आणि संपलेल्या प्रत्येक ड्रमला आता तिथल्या तिथे चार भोकं पाडून घेते. साहेबांना ते पसंत नाही. ड्रम नेणारेही कुरकुर करतात.

महिन्याभरानं तिचा निरोप आला. वास्तू पुन्हा केली होती, घरच्या घरी, या. मी गेले. काकाही आले. हमाल दारातच होता, पण माझ्या नजरेला नजर देत नव्हता. ती स्वतः बाहेर आली. गळ्याची हाडं वर आली होती, चालणं अजून सावकाश होतं, पण आवाज मोठा होता.

"या बाई. तुमाले मालूम हाय का, त्या रोजी माह्या मागं यायनं का केलं? माह्या जागी सुपारी ठेवून पूजा पुरी केली सासऱ्यानं. मी जित्ती असून सुपारी! म्हनून पुन्हा करून घेतली म्या. म्हटलं, ह्या घरात मी राह्यन का सुपारी राह्यन?"

"गुरुजीनं सांगतलं होतं," नवरा दारातून म्हणाला.

"गुरुजीले सांग, सुपारीले म्हना आता सैपाक कर."

सगळे हसले, भाऊसुद्धा. आम्ही बसलो. ती आत गेली आणि स्टीलच्या ताटात तीन पेले घेऊन आली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी. काकांनी पेला उचलला आणि तसाच हातात धरला. मीही उचलला. पाणी गार होतं, पेल्याला बाहेरून दव आलं होतं. ते कुठल्या भांड्यातून आलं, कुठे भरलं होतं, हे विचारायला माझ्या तोंडात शब्द आला होता. ती ताट हातात धरून माझ्यासमोर उभी होती. तिनं तो शब्द माझ्या तोंडावर वाचला असावा. ती फक्त बघत राहिली.

मी प्यायले. सगळं, एका दमात.

तिनं पेला परत घेतला. "आनखी देऊ?" तिनं विचारलं.